आईला मुंबई विद्यापीठाची फोर्टची जुनी इमारत दाखवायचीये, ठाण्याहून कसं न्यावं?

कळवा_खाडी
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येते. माझी आई ७१ वर्षांची आहे, आम्ही कळव्याला राहतो. आई मुंबई विद्यापीठाची बीए आहे, १९८३ ची. लग्नानंतर पत्रद्वारा कोर्स केला होता तिने, नोट्सचे गठ्ठे पोस्टाने यायचे, चाळीत पहाटे पाणी भरून झालं की सगळे उठायच्या आत ती तास दीड तास वाचायची. पेपर ठाण्यातच दिले आणि पदवीसुद्धा पोस्टानेच आली. पोस्टमनने सही घेऊन हातात दिली ती तेव्हापासून ट्रंकेत आहे, डांबरगोळ्या घालून ठेवलेली. म्हणजे ज्या विद्यापीठाची ती पदवीधर आहे तिथे तिने आजवर पाऊल ठेवलेलं नाही. परवा टीव्हीवर राजाबाई टॉवर दाखवला तर म्हणाली "हे आमचं विद्यापीठ ना गं, आतून कसं असेल" आणि परत भाजी निवडायला लागली. मला रात्री झोप लागली नाही त्या वाक्यावरून.

तर तिला न्यायचंय. अडचण म्हणजे गुडघे. जिने फार चढवत नाहीत, सपाट रस्त्यावर अर्धा तास चालते, मध्ये एकदा बसावं लागतं. मी स्वतः टाऊनला, म्हणजे दक्षिण मुंबईत, वर्षातून एकदा जाते त्यामुळे मला नीट माहिती नाही. कुठली गाडी, कुठे उतरायचं, सीएसएमटी की चर्चगेट, नवीन मेट्रोचा उपयोग होईल का, आत सोडतात का, काय काय बघायचं, सगळं सांगा प्लीज.

गोखले_रोड
आधी एक खात्री करून घे, तुला फोर्टच बघायचंय ना? कारण मुंबई विद्यापीठ म्हटलं की अर्धे लोक कलिन्याला पोचतात आणि उरलेले कलिन्याचं काम घेऊन फोर्टला. माझं स्वतःचं झालंय, २०१६ ला एका सर्टिफिकेटसाठी ऑफिसमधून हाफ डे घेऊन फोर्टला गेलो, तिथे कळलं परीक्षा विभाग कलिन्याला. परत सीएसएमटी, परत कुर्ला, कुर्ला पश्चिमेला बस, पोचेपर्यंत खिडकी बंद. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट, परीक्षेची भानगड असली की कलिना, म्हणजे विद्यानगरी. दगडी इमारती, टॉवर, पदवीदान सभागृह ते सगळं फोर्ट. आणि आपल्या ठाण्यात बाळकुमला उपकेंद्र आहे ते तिसरंच.

कळवा_खाडी
हो हो फोर्टच. टॉवरवालं.

हार्बरवाला
मी सीवूड्सला असतो, कामाला फोर्टातच, २२ वर्षं रोज ये-जा आहे त्यामुळे हा रस्ता डोळे मिटून सांगतो. तुमच्यासाठी सीएसएमटीच. कळव्याला फक्त स्लो थांबते, आणि ती मागून भरूनच येते. त्यापेक्षा कळव्याहून रिक्षाने ठाण्याला या आणि ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा, आईला खिडकीत बसवा. तासाभराचा प्रवास आहे पण एकदा बसलं की थेट शेवटचं स्टेशन, उतरताना धक्काबुक्की नाही, गाडी रिकामी झाली की सावकाश उतरायचं. सीएसएमटीला आणखी एक सुख म्हणजे सगळे प्लॅटफॉर्म रस्त्याच्या लेव्हललाच संपतात, एकही पूल चढावा लागत नाही. गुडघेवाल्या माणसाला याच्याइतकं चांगलं स्टेशन नाही मुंबईत.

बाहेर आलात की विद्यापीठ साधारण दीड किलोमीटर. डी. एन. रोडने कमानींच्या खालून सावलीत चालत हुतात्मा चौकापर्यंत यायचं, तिथून पुढे एम. जी. रोडने डाव्या हाताला न वळता सरळ, उजवीकडे टॉवर दिसायलाच लागतो. आई चालू शकत नसेल तर टॅक्सी. रिक्षा शोधू नका, टाऊनमध्ये रिक्षा चालतच नाहीत. मीटरचं कमीत कमी भाडं ३१ रुपये आहे, दीड किलोमीटरपर्यंत, त्यामुळे ३१ नाहीतर त्याच्या थोडं वर.

घंटाळी
मी असहमत. दादरला उतरून वेस्टर्न पकडा आणि चर्चगेट. चर्चगेटहून ओव्हल मैदान ओलांडलं की समोर विद्यापीठ, दहा मिनिटं. आणि मुख्य म्हणजे जे बघायला चाललाय ते ओव्हलवरूनच पूर्ण दिसतं. एम. जी. रोडच्या बाजूने गेलात तर तुम्ही इमारतीच्या पाठीमागून आत शिरता, मान वर करून टॉवरचा एक तुकडा दिसतो फक्त.

हार्बरवाला
दिसण्याचा मुद्दा मान्य आहे. पण दादरचा पूल? ७१ वर्षांच्या बाईला गुडघे दुखत असताना दादरला मधल्या पुलावरून नेणार? मी धडधाकट माणूस, मी टाळतो.

घंटाळी
दुपारी बारानंतर गर्दी नसते हो एवढी. पण ठीक आहे, जिना तो जिनाच. मग असं करा, सीएसएमटीला उतरा आणि टॅक्सीवाल्याला विद्यापीठ न सांगता "ओव्हल मैदान, विद्यापीठासमोर" सांगा. कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. मैदानाच्या कठड्याशी उतरा, आधी समोरून सगळं बघा, मग रस्ता ओलांडून आत.

ऐरोलीकर
मेट्रोचं कुणी बोललंच नाही. ॲक्वा लाइन, म्हणजे मेट्रो ३, ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू आहे. सीएसएमटीच्या पुढचं स्टेशन हुतात्मा चौक, त्याच्या पुढे चर्चगेट. हुतात्मा चौक स्टेशनवरून विद्यापीठ म्हणजे अगदी दोन पावलं. तिकीट १० रुपये, सरकते जिने, लिफ्ट, एसी सगळं आहे.

हार्बरवाला
एका स्टेशनासाठी एवढं खोल खाली उतरायचं, तपासणी, तिकीट, परत वर यायचं, यात टॅक्सीपेक्षा जास्त चालणं होतं. अंधेरी, सीप्झ, बीकेसीकडून येणाऱ्याला मेट्रो वरदान आहे, यात शंका नाही. पण ठाणे किंवा नवी मुंबईहून लोकलने सीएसएमटीला आलेल्या माणसाला, त्यातून गुडघे दुखणाऱ्याला, मी नाही सांगणार. पावसाळ्यात मात्र सांगेन, तेव्हा टॅक्सी मिळत नाही आणि डी. एन. रोडवर छत्री सांभाळत चालणं म्हणजे शिक्षा.

खारघर_सेक्टर_बारा
या धाग्यात मीही घुसते. माझ्या मुलीला आर्किटेक्चरला जायचंय, तिलाही हे सगळं दाखवायचंय. खारघरहून हार्बरने सीएसएमटीच ना? का अटल सेतूवरून गाडीने जाऊ?

हार्बरवाला
हार्बर. पनवेल-सीएसएमटी लोकल थेट आहे, कुठेही बदलायची नाही. गाडीने जाता येतं, अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, शिवडीला उतरलं की तिथून ईस्टर्न फ्रीवेने सरळ पी. डिमेलो रोड, रस्ता सुरेख आहे. पण कारला एका बाजूचा २५० रुपये टोल आणि फोर्टात पार्किंग शोधता शोधता जो जीव जातो तो वेगळा. एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई पालिकेच्या, बसही अटल सेतूवरून मंत्रालयापर्यंत जातात, उलवे-नेरूळ बाजूच्या लोकांना त्या सोयीच्या. कोपरखैरणे-घणसोलीवाल्यांनी ठाण्याकडे उलटं जाऊ नये, ट्रान्सहार्बरने वाशी किंवा सानपाडा करून हार्बर पकडावी.

आणि रविवारी कुणीही जाऊ नका!! एक तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद किंवा वळवलेल्या, सकाळी अकरा ते दुपारी चारच्या आसपास मेन लाइन नाहीतर हार्बर, कशावर तरी असतोच. दुसरं म्हणजे रविवारी विद्यापीठ बंद, कुलूप बघून याल.

पिंपळपान
मेगाब्लॉकचा दिवस असला तरी ओव्हल मैदान उघडं असतं आणि बाहेरून बघायला काहीच अडत नाही, पण आईंना आत न्यायचंय तर कामाचा दिवसच घ्या, हे बरोबर.

आता काय बघायचं ते मी सांगते कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, मी ठाण्यातल्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवलाय आणि दरवर्षी एक बॅच तिकडे नेलीय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ ला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तिन्ही विद्यापीठं त्याच वर्षीची. म्हणजे आपल्या ठाण्यात रेल्वे आली १८५३ ला आणि चार वर्षांनी विद्यापीठ. पण तेव्हा विद्यापीठाला स्वतःची इमारतच नव्हती. १८६२ ला पहिल्या चार जणांना बीए मिळालं, त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, तेव्हा हा टॉवर नव्हता, सभागृह नव्हतं, काही नव्हतं. विद्यापीठाचा कारभार टाऊन हॉलमधून चालायचा, आताची एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. तुमच्या आईंना हे नक्की सांगा. पहिल्या पदवीधरांनीसुद्धा ही इमारत न बघताच बीए केलंय.

इमारती आल्या त्या कापसाच्या पैशावर. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातले कापसाचे आणि शेअर बाजाराचे राजे. त्यांनी आधी लायब्ररीसाठी दोन लाख दिले, नंतर टॉवरसाठी आणखी दोन लाख, आणि टॉवरला आईचं नाव द्यायला सांगितलं. राजाबाई म्हणजे त्यांची आई. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवायचं असे, तर टॉवरच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळायची. ही लोकांत चालत आलेली गोष्ट आहे, कागदावर दाखवता येणार नाही, पण आईचं नाव मात्र खरंच आहे. १८६५ ला युद्ध संपलं, बाजार कोसळला, प्रेमचंदांसकट अर्धी मुंबई बुडाली, तरी काम थांबलं नाही. १ मार्च १८६९ ला पायाभरणी आणि नोव्हेंबर १८७८ ला पूर्ण. त्याच्या बाजूचं पदवीदान सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतलं, ते आधी, १८७४ ला पूर्ण झालं. बागेत त्यांचा पुतळा आहे.

दोन्ही इमारतींचा आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने काढला आणि तो माणूस भारतात एकदाही आला नाही. नकाशे तिकडून पाठवले. पण बांधलं इथल्या माणसांनी, इथल्या दगडात. लायब्ररी आणि टॉवरचा तो फिकट पिवळसर दगड कुर्ल्याचा आहे. लोकलने जाताना कुर्ला स्टेशन आलं की आईंना सांगा, इथल्या मातीतून निघालेला दगड आपण बघायला चाललोय.

पिंपळपान
(पुढे) टॉवर ८५ मीटर उंच आहे, एके काळी मुंबईत याच्याएवढं उंच काही नव्हतं. लायब्ररीच्या बाहेरच्या बाजूला कोपऱ्यांवर आणि वर टॉवरच्या अंगावर दगडात माणसं आहेत, पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजातली, चोवीस मूर्ती. मुकुंद रामचंद्र नावाच्या आपल्या असिस्टंट इंजिनीयरने त्या घडवल्या. परदेशी गॉथिक इमारतीवर देव-देवता, संत, राक्षस बसवतात, इथे पागोटी-धोतर-अंगरखावाली माणसं बसलीयत. मी मुलांना तिथे पाच मिनिटं गप्प उभं करायचे, नुसतं बघा म्हणून. दुर्बीण असेल तर घेऊन जा, खरंच.

सभागृहाला पुढच्या बाजूला एक मोठी गोल खिडकी आहे, तिच्यात रंगीत काचेत बारा राशी. बाहेरून दिवसा ती काळपट दिसते, निराश होऊ नका, रंगीत काच आतूनच बघायची असते, उजेड पलीकडून यावा लागतो. दोन्ही इमारतींना बाहेरून गोल जिने आहेत, नुसते बघायचे, चढायचे नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओव्हलवर उभं राहून पश्चिमेकडे पाठ करा. डावीकडे हायकोर्ट, मध्ये टॉवर आणि लायब्ररी, मग पदवीदान सभागृह, उजवीकडे जुनं सचिवालय. १८६० च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या आणि त्या मोकळ्या जागेवर ही रांग उभी राहिली. तेव्हा पलीकडच्या आर्ट डेको बिल्डिंगी नव्हत्या, भराव नव्हता, या इमारती थेट समुद्राकडे बघायच्या. आता मान वळवली की मागे १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारती दिसतात. एका मैदानाच्या दोन काठांवर दोन काळ आहेत, म्हणून २०१८ ला युनेस्कोने दोन्ही मिळून जागतिक वारसा म्हणून घेतलं.

ऐरोलीकर
मॅडम, मी तिथे लायब्ररीत अभ्यास केलाय आणि यातलं निम्मं मला माहिती नव्हतं. रोज त्या टॉवरखालून जायचो, वर कधी बघितलंच नाही.

गोखले_रोड
टॉवरवर चढता येतं का?

पिंपळपान
नाही, बऱ्याच वर्षांपासून सर्वसामान्यांसाठी बंद आहे, आणि ते योग्यच आहे. लायब्ररी आणि सभागृह आतून बघायचं तर आधी परवानगी लागते, ते चालू विद्यापीठ आहे, मुलं अभ्यास करत असतात. आवारात ओळखपत्र दाखवून जायला साधारण अडचण येत नाही, आधार कार्ड न्या. आईंची पदवीची झेरॉक्ससुद्धा न्या. लागेल म्हणून नाही, त्यांच्याजवळ असावी म्हणून.

बेलापूर_किल्ला
मला एक विचारायचंय, कुणी रागावू नका. पत्रद्वारा केलेल्यांना आपण खरे विद्यार्थी नाही असं का वाटतं? माझी मोठी वहिनी पण अशीच आहे, बीए आहे पण कुणी विचारलं तर "बाहेरून केलंय" असं आवाज खाली करून सांगते. दिवसभर घर, पोरं, सासूचं आजारपण आणि रात्री अभ्यास करून पेपर दिले त्या बाईने.

पिंपळपान
रागावण्यासारखं काय आहे त्यात. मी तीस वर्षं वर्गात बसणारी मुलं बघितली, सगळ्या सोयी असून न वाचणारी. मुंबई विद्यापीठाने १९७० च्या दशकात पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं ते नेमकं अशाच माणसांसाठी, नोकरी करणाऱ्यांसाठी आणि घरात अडकलेल्या बायकांसाठी. प्रमाणपत्रावर सही तीच, शिक्का तोच. १९१२ ला बाबासाहेबांनी बीए केलं ते याच विद्यापीठाचं. रानडे शेवटपर्यंत झगडले ते विद्यापीठात मराठीला परत जागा मिळावी म्हणून. पां. वा. काणे इथे कुलगुरू होते. त्या सगळ्यांच्या आणि तुमच्या वहिनींच्या कागदावर एकाच विद्यापीठाचं नाव आहे. आवाज खाली करायचं काहीच कारण नाही.

कळवा_खाडी
मॅडम हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण रात्री ट्रंक उघडली होती.

गुरुवारी जातोय. रजा टाकलीय. अकरानंतरची ठाणे लोकल.

हार्बरवाला
उत्तम. साडेचारच्या आत परतीची गाडी पकडा, नाहीतर ऑफिस सुटतात. सीएसएमटीहून ठाण्यालाच संपणारी स्लो घ्या, कर्जत-कसारा फास्टच्या वाटेला जाऊ नका. आणि स्वच्छतागृह सीएसएमटीलाच उरकून घ्या, पुढे शोधत बसावं लागतं.

घंटाळी
आणि आधी ओव्हल! विसरू नका.

कळवा_खाडी
जाऊन आलो!! शुक्रवारी रात्री लिहितेय कारण काल आल्यावर आईच्या पायाला तेल लावून दोघी झोपलोच.

क्रमाने सांगते. ११:२० च्या आसपासची ठाणे स्लो मिळाली, लेडीजमध्ये खिडकी मिळाली. कुर्ला आलं तेव्हा मी सांगायच्या आत आईच म्हणाली "इथला दगड ना". सगळा धागा तिने पाठ केला होता बहुतेक. सीएसएमटीला खरंच एकही जिना चढावा लागला नाही, हार्बरवाला दादा तुमचे किती आभार मानू. पहिल्या दोन टॅक्सीवाल्यांनी जवळचं भाडं म्हणून नकार दिला, तिसरा एक म्हातारा काका होता, आईला बघून दार उघडूनच थांबला. ओव्हलपाशी सोडलं.

आणि घंटाळी, तुम्ही बरोबर होतात. समोरून बघितल्याशिवाय आत जायला नको होतंच. आम्ही मैदानाच्या कडेला झाडाखाली बसलो, पोरं क्रिकेट खेळत होती, एकाच वेळी दहा मॅची, कुणाचा बॉल कुणाचा ते कळत नव्हतं, आणि त्या सगळ्याच्या वर तो टॉवर. आई बराच वेळ काहीच बोलली नाही. मग तिने हातातलं घड्याळ काढलं. तिचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं कायम, वडील असल्यापासून, गाडी चुकू नये म्हणून. टॉवरकडे बघून काटे नीट लावले, चावी दाबली आणि परत घातलं. एवढ्यात पाऊणचे टोल पडले. दर पंधरा मिनिटांनी वाजतं ते. मला वाटलं होतं ट्रॅफिकमध्ये ऐकू येणार नाही, पण आलं, स्वच्छ ऐकू आलं.

मग रस्ता ओलांडून आत. गेटवर आधार कार्ड बघितलं, वहीत नाव लिहिलं, कशासाठी आलात विचारलं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली "मी इथली विद्यार्थिनी आहे. १९८३." गार्डने मान हलवून आत सोडलं आणि खुर्ची आणून सावलीत ठेवली. सभागृह बंद होतं, परवानगीशिवाय उघडत नाहीत म्हणाले, ते आम्हाला माहितीच होतं, आम्ही आधी पत्र लिहिलं नव्हतं त्यामुळे तक्रार काहीच नाही. ती राशींची गोल खिडकी बाहेरून बघितली, काळपटच दिसते, मॅडमनी सांगितलं होतं म्हणून वाईट वाटलं नाही. पण आत बाग किती शांत आहे! बाहेर एवढा एम. जी. रोड वाहतोय आणि आत ताडाची झाडं, कावळे आणि दगडाचा गारवा.

दगडाला हात लावून बघितला आईने. मला वाटलं होतं गुळगुळीत असेल, तर खरखरीत आहे, छिन्नीच्या बारीक रेघा अजून बोटाला लागतात. आणि मूर्ती सापडल्या! दुर्बीण नव्हती, मोबाईलचा झूम करून बघितलं. एक पागोटंवाला आईला तिच्या आजोबांसारखा वाटला, त्याचाच फोटो आता तिच्या फोनवर आहे. लायब्ररीच्या कमानीपाशी तीन-चार मुली पुस्तकं घेऊन बसल्या होत्या, त्यातल्या एकीने विचारलं आजी काय शोधताय, मग आईने त्यांना कुर्ल्याचा दगड आणि राजाबाई आणि कापूस सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं! त्या मुली उठल्याच नाहीत. मी बाजूला उभी राहून ऐकत होते, आईला इतकं सलग बोलताना मी फार वर्षांत ऐकलेलं नाही.

पदवीची झेरॉक्स नाही, तिने खरी पदवीच आणली होती, मला न सांगता, साडीच्या घडीत गुंडाळून पिशवीत. कुणाला दाखवली नाही. फक्त खुर्चीवर बसल्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

३:५० ची ठाणे गाडी मिळाली. गुडघे आज दुखतायत, पण विचारलं तर "नाही गं" म्हणते.

पिंपळपान
मी तीन वेळा वाचलं. आईंना माझा नमस्कार सांगा. आणि सभागृह आतून बघायचं असेल तर आधी विद्यापीठाला रीतसर पत्र लिहा, कारण लिहा, १९८३ ची पदवी आहे असं लिहा. मी मजकूर करून देते. पुढच्या वेळी दुपारी उशिरा जा, खिडकीतून ऊन आत येतं तेव्हा.

कळवा_खाडी
पुढच्या वेळचं तिने आत्ताच विचारून झालंय मॅडम. मजकूर नक्की पाठवा.

खारघर_सेक्टर_बारा
ताई, गेट नक्की कुठलं? ओव्हलच्या बाजूचं की एम. जी. रोडचं? आम्ही पुढच्या आठवड्यात जातोय.

कळवा_खाडी
आम्ही ओव्हलच्या बाजूने गेलो, टॅक्सी तिकडेच थांबवली होती म्हणून. तुम्ही उतरल्यावर एकदा गार्डला विचारून घ्या, कधी एक उघडं कधी दुसरं असं तिथल्या मुली म्हणाल्या. पाणी भरून न्या, आणि मुलीला वही-पेन्सिल द्या, चित्र काढायला बसायला जागा आहे.

बेलापूर_किल्ला
वहिनीला हा धागा वाचायला दिला. आधी नाहीच म्हणाली, मग विचारलं पत्र एकाच्या नावाने लिहायचं की दोघी-तिघींच्या नावाने लिहिलं तर चालतं? तिची एक मैत्रीण आहे जुईनगरला, १९८६ ची बीकॉम, तीही बाहेरूनच.

पिंपळपान
चालतं की. सगळ्यांची नावं आणि पदवीची वर्षं मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, एकच पत्र करू. कळवा_खाडी, तुमच्या आईंचं नाव पहिलं घालते.